बायजी कोम नाथा

निराधार बाईला कोर्ट एकोणीस प्रश्न कशाला विचारील?

हा प्रश्न मृणाल कासारेला पडला तेव्हा ती ठाण्यातल्या जुन्या दप्तरांच्या खोलीत बसली होती. समोर १८६८ सालच्या एका दाव्याचं बाड सोडून ठेवलेलं. प्रश्न तिने तीन वेळा मोजले. पुन्हा एकोणीसच भरले. त्या खटल्यात जमीनदार होते, मिठागराचा मक्तेदार होता, गावचे चार वजनदार पुरुष होते. त्यांतल्या कुणालाही मुन्सफाने सहा-सातच्या वर प्रश्न विचारले नव्हते. आणि ‘बायजी कोम नाथा मढवी, वय वर्षे पन्नास, धंदा’ इथे जागा कोरी सोडलेल्या बाईला मात्र एकोणीस. कोम म्हणजे बायको. नाथाची बायको बायजी. नाथा तेव्हा हयात नव्हता, पण कागदावर त्याचं नाव तिच्या नावाला चिकटून राहिलंच होतं.

मृणाल एकोणचाळीस वर्षांची. कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायची, कोपरला राहायची. घरात नवरा राकेश, आई रमाबाई आणि दहावीतली मुलगी. पीएच.डी.ला तिने उशिरा हात घातला होता. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या खाडीकाठच्या बायकांची कामं. कोण काय करत होतं, ते काम पुढे कुणाकडे गेलं, आणि का. विषय ऐकून स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला होता, “काय करणार बायका? टोपल्या वाहिल्या असतील.” मृणालने त्याच्याशी वाद घातला नाही. ती शनिवारी मोडी शिकायला जायला लागली.

मोडी तिला डॉ. सीताराम फणसळकर सरांनी शिकवली. नौपाड्यातल्या त्यांच्या घरी, दोन वर्षं, दर शनिवारी, एक पैसा न घेता. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे. ठाण्याच्या खाडीकाठच्या गावांवर त्यांचं जाडजूड पुस्तक होतं, तीस वर्षांपूर्वीचं, आणि आजही कुणी त्या भागावर चार ओळी लिहायच्या म्हटल्या तर पहिलं ते पुस्तक उघडत असे. त्यातच पान दोनशे बारावर बायजी होती. सरांनी लिहिलं होतं: ‘बायजी नावाची एक विधवा बांधालगत उघड्यावर राहत असे. गाव तिला दयेपोटी भात घाली. अशा निराधार स्त्रिया त्या काळी प्रत्येक गावात असाव्यात.’ या तीन वाक्यांच्या जोरावर पुढे तिघाचौघांनी लेख लिहिले. मृणालने स्वतः एम.ए.च्या परीक्षेत ती वाक्यं लिहून चांगले मार्क मिळवले होते.

आता मूळ कागद समोर होता. ओळ अशी: ‘मी उघ’, मग किड्याने खाल्लेलं एक भोक, मग ‘वर बसते. माझी सासू बसत होती. तिचे मागे मी. गाव घरटी भात देतो.’

सरांनी भोकातलं अक्षर भरून ‘उघड्यावर’ वाचलं होतं. पुस्तक पाठ असल्यामुळे मृणालच्या डोळ्यांनीही आधी तेच वाचलं. पण ‘माझी सासू बसत होती, तिचे मागे मी’ हे तिला खटकलं. सासू गेली म्हणून सून उघड्यावर येऊन बसली? बेघरपण काय वारसाहक्काने मिळतं?

आणि ते एकोणीस प्रश्न. खटला बांध फुटल्याचा होता. खारं पाणी शिरून गावाची भातशेती जळाली होती. गावकरी म्हणत, मक्तेदाराच्या माणसाने, पोपटने, मुद्दाम पाणी आत सोडलं, मिठागरासाठी. पोपट म्हणे, बांध आपोआप फुटला. बायजीला विचारलेले सगळे प्रश्न पाण्याबद्दल होते. पाणी कधी भरतं, कधी उतरतं, तुला कसं कळतं. अकराव्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं होतं: ‘तिथीची पाऊणपट करते. आमचे खाडीस अडीच घटका मागे.’

याचा अर्थ मृणालला काही लागेना. त्या शनिवारी तिने सरांना विचारलं.

“पाऊणपट?” सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “धान्याचं काही माप असावं. किंवा अडाणी बाई, कोर्टात गोंधळली असेल. मी ते उत्तर सोडूनच दिलं होतं.”

“पण सर, गोंधळलेल्या बाईला पुढे आणखी आठ प्रश्न विचारतील?”

“मृणाल, कागदाच्या मागे जावं, पुढे पळू नये,” सर म्हणाले आणि चहा करायला उठले.

रात्री जेवताना तिने हे घरी सांगितलं. राकेश कोलशेतला एका रंगांच्या कंपनीत मेन्टेनन्सला होता. त्याला मोडीतलं काही कळत नसे, पण बायको काय वाचतेय ते तो रोज विचारायचा आणि लक्ष देऊन ऐकायचा.

“पाण्याची वेळ ना?” भाकरी मोडता मोडता तो म्हणाला. “अगं, आमच्या गेटवर चिंबोऱ्या विकायला एक मावशी बसते. विमलाबाई. गावातलीच आहे. सत्तरीची असेल, पण अजून स्वतः खाडीत उतरते. गेल्या महिन्यात मी घ्यायला गेलेलो तर म्हणाली, आता नाहीत, साडेतीनला ये, पाणी उतरल्यावर. हातात घड्याळ नाही, मोबाइल नाही. मी साडेतीनला गेलो, तर पाटी भरलेली.”

“मला घेऊन चल.”

“आत्ता?”

“गुरुवारी. मला दुपारनंतर लेक्चर नाही.”

रमाबाई तोवर गप्प बसून ऐकत होत्या. आमटी वाढताना एवढंच म्हणाल्या, “विचारायला जातेस तर चिंबोऱ्या घेऊन ये. फुकट बोलायला लावू नकोस कुणाला.”

गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमारास राकेशने तिला कंपनीच्या गेटशी गाठलं आणि विमलाबाईंकडे नेलं. कोलशेतचा रस्ता आता दोन्ही बाजूंनी टॉवरांनी भरलाय. त्या टॉवरांच्या सावलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हिरवी नऊवारी नेसलेली एक काटक बाई पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. पाटीत चार चिंबोऱ्या, खाडीतले मोठे खेकडे, पायांना सुतळी बांधलेले.

“ही माझी मिसेस. कॉलेजात शिकवते,” राकेश म्हणाला.

“मंग मना काय शिकवाला आयली का?” विमलाबाई हसल्या. हसताना त्यांचे पुढचे दोन दात नव्हते ते दिसलं.

“शिकायला आलेय,” मृणाल म्हणाली आणि बाजूच्या दगडावर बसली. आधी तिने चारही चिंबोऱ्या घेतल्या. मग सरळ विषयाला हात घातला. “मावशी, तिथीची पाऊणपट म्हणजे काय?”

विमलाबाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. “तुना कुनी सांगलं?”

“एका बाईने. ती आता नाही.”

“नसंलच. आता कोन हिशोब करतो? सगले मोबाइल बघतान.” त्यांनी उजव्या हाताची बोटं पुढे धरली. “आज तिथ कंची? षष्ठी. म्हंजे सहा. सहाची पाऊनपट किती?”

“साडेचार.”

“झाला. सारेचारला भर समुद्राला पानी भरंल, तिकरं ममईला. पन आमचे खारीला पानी यायला वाट लांब हाय. वरती एक तास टाक. सारेपाचला हितं भरती. मंग घरीभर पानी उभा रवंल, नि फिरंल.”

मृणालच्या डोक्यात चक्र फिरलं. अडीच घटका. एक घटका चोवीस मिनिटांची. अडीच म्हणजे साठ मिनिटं. बरोब्बर एक तास. दीडशे वर्षांपूर्वी मुन्सफासमोर उभी राहिलेली बाई आणि ही समोर बसलेली बाई एकच गणित सांगत होत्या, आणि सरांनी ते धान्याचं माप म्हणून टाकून दिलं होतं.

तरी ती नुसत्या शब्दावर थांबणारी नव्हती. “मावशी, साडेपाचपर्यंत थांबलं तर चालेल?”

“थांब ना. मना कुटं ट्रेन पकरायची हाय.”

राकेश कामावर परतला. पाचच्या पुढे दोघी मागच्या बाजूला खाडीवर गेल्या. जुन्या धक्क्याच्या दगडांवर बसल्या. पाणी हळूहळू चढत होतं, तिवरांची मुळं बुडत होती, एक प्लास्टिकची बाटली समुद्राच्या बाजूने आत आत येत होती. मृणालने मोबाइलवर घड्याळ उघडून ठेवलं. पाच सत्तावीसला बाटली रेंगाळली. पाच बत्तीसला जागच्या जागी फिरू लागली. पावणेसहाला ती उलटी, समुद्राच्या दिशेने निघाली.

“बघ,” विमलाबाई म्हणाल्या. आवाजात बढाई नव्हती. भाजीत मीठ बरोबर पडलं की बाई म्हणते, तसं म्हणाल्या.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“माजे आजेसासूनं. ती उघारीवर बसं.”

मृणालने मान वळवली. “कशावर?”

“उघारीवर गो. बांधाला दार नसतं काय? लाकराचं? पावसाचं पानी बाहेर सोराचं नि खारा पानी आत येऊ नाय द्याचा. ती उघारी. ते दारावर कोन तरी शहाना मानूस लागतो. कवा उघराचं, कवा लावाचं, ज्याला कलतं त्यो. आमचे घरात बायकाच बसत.”

उघारी. इथल्या बोलीत ड चा र होतो: गाडीची गारी, खाडीची खारी. उघारी म्हणजे उघाडी. मृणालने मनात ती ओळ पुन्हा वाचली. ‘मी उघ’, भोक, ‘वर बसते’. उघड्यावर नव्हे. उघाडीवर.

“नुसती बसायची?” तिने मुद्दाम विचारलं.

विमलाबाई चिडल्याच. “नुसती? तुजे नवऱ्याचा साहेब खुर्चीवर बसतो, तो काय नुसता बसतो? सगले गावाचा भात तिचे हातात. सुगी झाली का घरागनिक पायलीभर भात तिला. भीक नाय, हक्काचा.”

“तुमचं आडनाव काय, मावशी?”

“मढवी. कनाला?”

मढवी आडनावाची माणसं त्या काठाला शेकड्याने असतील. आडनावावरून वंशावळ जोडायची घाई तिने कधी केली नसती. पण वहीत तिने ते लिहून घेतलं, तारीख, तिथी आणि बाटली फिरल्याच्या वेळेसकट. निघताना तिने विमलाबाईंचा हात हातात घेतला. तो हात खरखरीत होता आणि थंडगार.

शुक्रवारी तिने रजा टाकली आणि सकाळी दप्तरखान्याचं दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

आता तिला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, भोकाच्या कडेला उरलेली शाई. मोडी लिहिताना लेखणी उचलायची नाही, एकात एक अक्षर ओढत जायचं. घाईच्या हातात वेलांटी आणि जोडाक्षर एकमेकांत मिसळतात, आणि वाचणारा आपल्या ओळखीच्या शब्दाकडे घसरतो. तिने पान उजेडासमोर धरलं. भोकाच्या डाव्या कडेला, घ ला लागून, एक उभा फराटा अर्धा शिल्लक होता. काना. ‘उघड्यावर’मध्ये घ ला काना नसतो.

दुसरी गोष्ट अधिक पक्की हवी होती. त्याच कारकुनाने, त्याच बाडात, तो शब्द आणखी कुठे लिहिलाय का? तिने पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. दुपारी दोनला, डबा न उघडता, ती पोपटच्या जबानीपर्यंत आली. आणि तिथे तो शब्द धडधाकट बसलेला होता, कुठे भोक नाही, कुठे डाग नाही: ‘श्रावण वद्य चतुर्थीस दुपारी चार वाजता मी उघाडीचे दार उघडिले, ते पावसाचे पाणी बाहेर सोडण्याकरिता.’

मृणालने पेन्सिल खाली ठेवली. चतुर्थी. चारची पाऊणपट तीन. वर एक तास. चार वाजता.

पोपटने पाणी बाहेर सोडायला म्हणून दार उघडलं ती वेळ ऐन भरतीची होती. त्या क्षणी दार उघडलं तर पाणी बाहेर जात नाही, आत धावतं. बायजीने नेमकं तेच सांगितलं होतं, पंधराव्या प्रश्नाला, पाच शब्दांत: ‘तेव्हा पाणी बाहेर जात नाही.’ आणि निकालात मुन्सफाने तिचंच नाव घेऊन लिहिलं होतं की बायजीची साक्ष विश्वासार्ह धरून दावा गावाच्या बाजूने दिला आहे. निकालाचं ते पान सरांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पण निराधार विधवा म्हटल्यावर पुढचं कुणाला दिसणार?

बाडाच्या शेवटी एक सुटा कागद होता, तीन वर्षांनंतरचा. सरकारी खर्चाने उघाडीला नवं सागवानी दार बसवलं होतं आणि त्यावर पगारी माणूस नेमला होता: कुंडलिक वल्द हरी, म्हणजे हरीचा मुलगा. खाली कारकुनाने, बहुधा तक्रार नको म्हणून, एक ओळ जोडली होती: ‘बायजीची सून त्यास वेळ सांगते.’

तो कागद तिने जसाच्या तसा वहीत उतरवून घेतला. राग आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी हाताला लागल्याचा आनंद झाला. तिच्या अख्ख्या प्रबंधाचा प्रश्न त्या एका ओळीत होता. दार साधं होतं, मोबदल्यात भात मिळत होता, तोवर काम बाईचं. दार सागवानी झालं, पगार लागला, आणि काम पुरुषाचं झालं. वेळ मात्र बाईच सांगत राहिली.

संध्याकाळी घरी तिने हे आईला वाचून दाखवलं. रमाबाईंनी बावीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला काढली होती. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

“आमच्याकडे सहा सुपरवायझर आले,” त्या म्हणाल्या. “सहाही जणांना मीच शिकवलं. कुठला माल कुठल्या खोक्यात, कुठली काच तडकते. पोरं चांगली होती सगळी. जाताना पाया पडायची.”

“आणि तू?”

“मी हेल्पर. कागदावर हेल्परच रिटायर झाले.” मग म्हणाल्या, “तू ते सरांना सांगणार आहेस ना? की गप्प बसणार?”

“सांगणार.”

“मग आधी घरी जाऊन सांग. चारचौघांत पहिल्यांदा सांगू नकोस. म्हातारा माणूस आहे, आणि तुला शिकवलंय त्यांनी.”

शनिवारी ती नेहमीच्या वेळी नौपाड्यात गेली. पुढच्याच दिवशी कल्याणला एका वाचनालयाच्या सभागृहात स्थानिक इतिहासाचं चर्चासत्र होतं. मृणालला वीस मिनिटं मिळाली होती आणि अध्यक्ष सरच होते. तिने कागदांचे फोटो टेबलावर मांडले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. कोलशेतचा धक्का, पाऊणपट, उघारी, काना, पोपटची जबानी.

सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, “एका अर्ध्या कान्यावर तू माझं पान मोडतेस.”

“कान्यावर नाही, सर. त्याच हाताने लिहिलेला तोच शब्द दुसऱ्या पानावर आहे. आणि भरतीचं गणित आहे.”

“आणि एक मासे विकणारी बाई.”

मृणालची कानशिलं तापली. पण आवाज तिने चढू दिला नाही. “हो. तिला जे माहीत होतं ते आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं.”

सर खुर्चीतून उठले, पुस्तकांच्या कपाटापाशी पाठमोरे उभे राहिले. “मोडी मी तुला शिकवली ती मला खोटं पाडायला नव्हे,” ते म्हणाले. मग वळून, वेगळ्याच आवाजात, “आणि खोटं पडू नये म्हणूनही नव्हे. उद्या वाच. पण खुर्चीवर मी असेन, आणि मी तुला सोडणार नाही. शंका काढीन.”

“काढा, सर. म्हणून तर आधी आले.”

त्या दिवशी सरांनी चहा केला नाही. मृणालला ते लागलं. तरी परतताना तिची पावलं जड नव्हती. आपण वाचलंय ते बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं, आणि सरांनी शंका काढल्या तर ते आणखी बरोबर ठरणार होतं.

रविवारी सभागृहात साठेक माणसं होती. मृणालने जांभळी सुती साडी नेसली होती. पहिल्या रांगेत राकेश आणि रमाबाई, आणि राकेशच्या शेजारी हिरवी नऊवारी नेसलेल्या विमलाबाई. राकेश सकाळी कोलशेतला जाऊन त्यांना रिक्षाने घेऊन आला होता. त्या आधी यायला तयार नव्हत्या. “मी काय बोलू तिकरं?” म्हणाल्या. “काही बोलू नका, फक्त चूक झाली तर सांगा,” मृणालने निरोप धाडला, तेव्हा आल्या.

मृणालने वीस मिनिटांत सगळं मांडलं, कागदाकडे न बघता. पान दोनशे बाराचं नाव तिने घेतलं, सरांचंही घेतलं, आणि त्यांच्यामुळेच आपल्याला हे अक्षर वाचता आलं हेही सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. मग सर बोलायला लागले.

“पहिली शंका. चतुर्थीला चार वाजता भरती, हे तू आजच्या गणितावरून सांगतेस. दीडशे वर्षांत खाडी गाळाने भरली, पूल झाले, भराव झाले. तेव्हाही एक तासाचाच फरक होता कशावरून?”

“बायजीने स्वतः सांगितलंय, सर. अडीच घटका. अकराव्या उत्तरात. तिच्या काळचा आकडा तिनेच दिलाय.”

सरांनी मान हलवली. “दुसरी शंका. ‘बसते’ म्हणजे नेमणूक, हा अर्थ तू आज ऐकून तेव्हाच्या तोंडी घालतेस.”

“त्याच बाडात कुंडलिकच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलंय, ‘कुंडलिक उघाडीवर बसेल’. तो पगारी होता. त्याचं बसणं नेमणूक असेल, तर तिचं बसणं भीक कसं?”

मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

सरांनी हात पुढे केला. “फोटो दे.”

मृणालने दोन्ही फोटो दिले. सरांनी खिशातून भिंग काढलं. आधी पोपटची ओळ बघितली, मग बायजीची, मग पुन्हा पोपटची. विमलाबाईंना काय चाललंय ते कळेना, त्यांनी राकेशला मोठ्याने विचारलं, “डोले बिघरले का त्यांचे?” दोघेतिघे हसले. सरही हसले, भिंग डोळ्यावर तसंच ठेवून.

मग त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि माइक जवळ ओढला.

“काना आहे,” ते म्हणाले. “मी तीस वर्षांपूर्वी या कागदासमोर बसलो होतो. वय चव्वेचाळीस, नजर उत्तम. काना तेव्हाही असणारच. विधवा म्हटल्यावर पुढचा शब्द मी बघितला नाही, गृहीत धरला. एका जाणत्या बाईला मी तीस वर्षं उघड्यावर ठेवलं. पुढच्या आवृत्तीत पान दोनशे बारा बदलेल, आणि खाली मृणाल कासारे यांचं नाव असेल.” मग ते पहिल्या रांगेकडे वळले. “बाई, तुमचं पूर्ण नाव काय?”

विमलाबाई उभ्या राहिल्या, पदर सावरला. “विमला मढवी.”

“पतीचं नाव?”

“कनाला पायजे? हिशोब माजा हाय.”

या वेळी टाळ्या कुणी थांबवल्या नाहीत. रमाबाई सगळ्यांत जोरात वाजवत होत्या.

चर्चासत्र संपल्यावर जेवणाच्या वेळी सरांनी मृणालला बाजूला बोलावलं. “मंगळवारी घरी ये. चहा आहे. आणि काहीतरी न्यायचंय तुला.”

मंगळवारी तिने बघितलं तर सरांच्या दिवाणखान्यात चपलांची चार जुनी खोकी मांडून ठेवलेली. प्रत्येकात चिठ्ठ्या, शेकड्याने, सरांच्या बारीक अक्षरात.

“पुस्तकात न घेतलेल्या नोंदी,” सर म्हणाले. “ज्यांचा अर्थ लागला नाही, किंवा ज्या महत्त्वाच्या वाटल्या नाहीत. परवा रात्रभर चाळत होतो. बहुतेक बायकांच्या आहेत.” त्यांनी एक खोकं तिच्याकडे सरकवलं. “मी वाचल्या तशा वाचू नकोस. आणि अडलीस तर मला विचार, पण माझ्यावर विसंबू नकोस.”

मृणालने पहिलं खोकं मांडीवर घेतलं आणि वरची चिठ्ठी उचलली. ‘शहाड. उल्हास नदीचा उतार. नाव चालवणारी बाई? (नक्कल चुकली असावी.)’

तिने चिठ्ठी दोनदा वाचली, मोबाइल काढला आणि राकेशला फोन लावला.

“ऐक, रविवारी काय करतोयस?”

“काही नाही. का गं?”

“शहाडला जाऊ. नदीवर कुणाला तरी भेटायचंय. कुणाला ते अजून माहीत नाही.”

सरांनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. तिने खोकं जरा बाजूला सरकवून कपाला जागा केली आणि दुसरी चिठ्ठी उचलली.